नेपाळला क्रमवारी मिळाली, सामने कोण देणार?

15 मार्च 2018 रोजी झिम्बाब्वेत सुरू असलेल्या विश्वचषक पात्रता स्पर्धेत नेपाळने पापुआ न्यू गिनीचा 6 गडी राखून पराभव केला. दीपेंद्र सिंह ऐरी या अठरा वर्षांच्या पोराने 4 बळी घेतले आणि वर नाबाद अर्धशतकही काढले. त्याच दिवशी दुसऱ्या मैदानावर नेदरलँड्सने हाँगकाँगला हरवले आणि दोन्ही निकाल मिळून नेपाळला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामने खेळण्याचा दर्जा मिळाला. अकरा जणांचा जो संघ कालपर्यंत कोणत्याही तक्त्यात नव्हता, त्याला आता आंतरराष्ट्रीय क्रमवारीत नाव लागण्याची आशा निर्माण झाली.

या विजयाच्या दोन बाजू त्या वेळी फारशा कोणी सांगितल्या नाहीत. पहिली ही की, नेपाळला दर्जा मिळाला त्याच दिवशी पापुआ न्यू गिनीचा दर्जा गेला. हाँगकाँगचाही गेला. जागा मोजून ठेवलेल्या होत्या. एक आत आला की दुसऱ्याने बाहेर जायचे, असा नियम होता. दुसरी बाजू त्याहून गंभीर. ज्या दिवशी नेपाळच्या पोरांनी हे करून दाखवले, त्या दिवशी त्यांच्या देशाच्या क्रिकेट संघटनेला आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने, म्हणजे आयसीसीने, निलंबित करून दोन वर्षे होत आली होती. घरात कर्ता माणूस नसताना पोरांनी घर चालवावे, तसा तो संघ खेळत होता.

आमच्या वाचकांना क्रिकेटचे वेड लावावे असा आमचा हेतू नाही. ते वेड या देशात पुरेसे आहे. आम्हाला रस आहे तो या प्रश्नात की, जगाच्या एखाद्या व्यवहारात नव्याने येऊ पाहणाऱ्याला तिथे आधीपासून बसलेले लोक कोणत्या नियमांनी आत घेतात, कोणत्या नियमांनी ताटकळत ठेवतात आणि ते नियम स्वतःला किती लावून घेतात. नेपाळचे उदाहरण त्यासाठी चांगले आहे, कारण तो शेजारी आहे, गरीब आहे, त्याला या खेळाची मनापासून ओढ आहे आणि त्याची सगळी वाटचाल तारीखवार तपासता येते.

आधी दर्जा आणि क्रमवारी यांतला फरक स्पष्ट करू. वकिलीच्या धंद्यात 'लोकस' नावाची गोष्ट असते. तुमचे म्हणणे खरे की खोटे, हा पुढचा प्रश्न. आधी कोर्ट विचारते की, या प्रकरणात उभे राहण्याचा तुम्हाला अधिकार आहे काय? तो नसेल तर तुमचा पुरावा कितीही भक्कम असो, कोणी वाचणार नाही. क्रिकेटमध्ये दर्जा म्हणजे हा लोकस. ज्या संघाला एकदिवसीय दर्जा नाही, त्याने दर्जा असलेल्या संघाला मैदानात लोळवले तरी तो सामना आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना म्हणून नोंदला जात नाही आणि क्रमवारीच्या हिशोबातही धरला जात नाही. विश्वचषकासारख्या मुख्य स्पर्धा तेवढ्या याला अपवाद. म्हणजे आधी दर्जा, मग सामने, मग त्या सामन्यांवरून गुण आणि गुणांवरून क्रमवारी. यातली एक कडी तुटली की पुढचे सगळे थांबते.

हा लोकस मिळवायला नेपाळला किती वर्षे लागली ते पाहा. राणा राजवटीत क्रिकेट हा राणा घराण्यांचा आणि त्यांच्या भोवतालच्या वरच्या लोकांचा खेळ होता. सामान्य नेपाळ्याच्या हाती बॅट यायला 1951 ची लोकशाही क्रांती व्हावी लागली. 1988 साली नेपाळ आयसीसीचा संलग्न सदस्य झाला, 1996 साली सहयोगी सदस्य. तराईच्या सपाट प्रदेशात, सीमेपलीकडून येणारी कॉमेंट्री ऐकत, पोरे खेळू लागली. 2002 च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात त्यांनी पाकिस्तान आणि बांगलादेश यांना हरवले. 2006 मध्ये दक्षिण आफ्रिका व न्यूझीलंड यांना हरवून त्याच स्पर्धेतला प्लेट गटाचा चषक घरी नेला. तेव्हा गुणवत्ता नव्हती असे कोणी म्हणू नये. वय वर्षे अठराला जे दक्षिण आफ्रिकेला हरवत होते, त्यांना मोठे झाल्यावर दक्षिण आफ्रिकेच्या मोठ्या संघासमोर उभे करायला मात्र कोणी तयार नव्हते.

त्यांना पाठवले गेले जागतिक क्रिकेट लीगच्या पाचव्या विभागात. 2008 साली जर्सी नावाच्या इंग्लिश खाडीतल्या बेटावर ते खेळले आणि वर चढता आले नाही. 2010 साली काठमांडूत पाचवा विभाग जिंकला. 2012 साली मलेशियात चौथा जिंकला. 2013 साली बर्म्युडात तिसरा जिंकला. 2014 साली न्यूझीलंडमधल्या पात्रता स्पर्धेत नववे आले म्हणून पुन्हा तिसऱ्या विभागात ढकलले गेले. तोही पुन्हा मलेशियात जिंकला. मग नामिबियात दुसरा विभाग. 2018 च्या फेब्रुवारीत पुन्हा नामिबियात दुसरा विभाग. पायऱ्यांची उतरंड म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. एका पायरीवरून पडायला एक वाईट आठवडा पुरतो आणि परत चढायला दोन वर्षे लागतात, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

त्या फेब्रुवारीतला विंडहोकचा सामना सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कॅनडाविरुद्ध 195 धावा हव्या होत्या. 9 बाद 144 अशी अवस्था झाली. शेवटची जोडी मैदानात होती करण केसी आणि सतरा वर्षांचा संदीप लामिछाने. 51 धावा बाकी. हा सामना हरला असता तर झिम्बाब्वेची पात्रता स्पर्धा नाही, मार्चमधला तो दिवस नाही, दर्जा नाही. दोघांनी त्या 51 धावा काढल्या. करणने 31 चेंडूंत नाबाद 42 केल्या आणि शेवटच्या षटकात सामना जिंकला. एका देशाचे आंतरराष्ट्रीय अस्तित्व दहाव्या क्रमांकाच्या जोडीवर टांगलेले असावे, ही क्रिकेटप्रेमींना मोठी रोमांचक गोष्ट वाटते. आम्हालाही वाचताना वाटली. पण कोणत्याही पूर्ण सदस्याचा दर्जा असा शेवटच्या जोडीवर कधी टांगला गेला आहे काय? आयसीसीचे 12 पूर्ण सदस्य आहेत. त्यांच्यातला एखादा दहा वर्षे हरत राहिला, क्रमवारीत तळाला गेला, तरी त्याचा दर्जा अबाधित राहतो. परीक्षा दर वेळी खालच्यांचीच.

टी-20 चा अनुभव याहून वेगळा नाही. 16 मार्च 2014 रोजी चितगावला टी-20 विश्वचषकातल्या आपल्या पहिल्याच सामन्यात नेपाळने हाँगकाँगला 80 धावांनी हरवले, पुढे अफगाणिस्तानलाही 9 धावांनी हरवले. त्यानंतर जूनमध्ये टी-20 चा दर्जा मिळाला. 2015 ची पात्रता स्पर्धा वाईट गेली आणि तो दर्जा काढून घेण्यात आला. तो परत यायला 2018 उजाडले. पुढे 1 जानेवारी 2019 पासून आयसीसीने सर्व सदस्यांच्या पुरुष संघांना टी-20 चा दर्जा दिला आणि त्या वर्षीच्या मे महिन्यापासून टी-20 ची क्रमवारीही त्या सगळ्यांसाठी खुली केली. हा निर्णय योग्य होता, आणि योग्य होता असे आम्ही स्पष्ट म्हणतो. त्यामुळे क्रिकेट बुडाले नाही. मग एकदिवसीय क्रमवारीलाच कुंपण का, याचे समाधानकारक उत्तर आम्हाला तरी कुठे वाचायला मिळाले नाही.

आता एकदिवसीय क्रमवारीकडे. जून 2018 मध्ये आयसीसीने स्कॉटलंड, संयुक्त अरब अमिरात, नेदरलँड्स व नेपाळ यांना एकदिवसीय क्रमवारीच्या हिशोबात घेतले. नेपाळचे खाते अर्थातच कोरे होते, आणि तक्त्यात नाव उमटण्यासाठी आधी सामने खेळून व्हायला हवे होते. हे सामने किती मिळाले? ऑगस्ट 2018 मध्ये नेदरलँड्समध्ये 2. पहिला 55 धावांनी हरले, दुसरा 1 धावेने जिंकले. मग थेट जानेवारी 2019 मध्ये अमिरातीविरुद्ध 3. त्या मालिकेत सोळा वर्षांच्या रोहित पौडेलने अर्धशतक काढले, कर्णधार पारस खडकाने नेपाळचे पहिले एकदिवसीय शतक ठोकले आणि मालिका 2-1 ने जिंकली. त्यानंतरचा एकदिवसीय सामना फेब्रुवारी 2020 मध्ये. म्हणजे दर्जा मिळाल्यापासून जवळजवळ दोन वर्षांत 5 सामने! आपल्याकडचा संघ तेवढे सामने एका महिन्यात खेळून मोकळा होतो. दर्जाचा कागद हातात पडला होता. त्यावर काही लिहायला मात्र सामने नव्हते.

क्रमवारीचे गणित कसे चालते हेही समजून घ्यावे, कारण 'क्रमवारी म्हणजे निव्वळ गुणवत्ता' असे आपल्याकडे सरसकट मानले जाते. डेव्हिड केंडिक्स नावाच्या इंग्लिश विमागणितज्ञाने ही पद्धत बसवली. प्रत्येक संघाला एक मानांकन असते, म्हणजे मिळालेले गुण भागिले खेळलेले सामने. दोन संघांच्या मानांकनातला फरक 40 पेक्षा कमी असेल तर जिंकणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याच्या मानांकनात 50 मिळवून गुण मिळतात आणि हरणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याच्या मानांकनातून 50 वजा करून. फरक 40 किंवा अधिक असेल तर हिशोब बदलतो. बलवान जिंकला तर त्याला स्वतःच्या मानांकनापेक्षा 10 जास्त, हरला तर स्वतःच्या मानांकनापेक्षा 90 कमी. दुबळा हरला तर त्याचे 10 कमी, जिंकला तर 90 जास्त. शिवाय जुन्या सामन्यांचे वजन काळानुसार निम्मे होते आणि मग ते गळून पडतात.

गणित म्हणून यात खोट नाही. किंबहुना दुबळ्याने बलवानाला हरवले तर त्याला भरघोस देणारी ही पद्धत आहे. मानांकन 20 असलेल्या संघाने 110 च्या संघाला एकदा हरवले की त्या सामन्याचे त्याला 110 गुण. तोच 20 चा संघ आपल्यासारख्या 20 च्या संघाला हरवून 70 घेतो. पण या पद्धतीत सामना झाला पाहिजे. 110 चा संघ 20 च्या संघाशी खेळला तर त्याच्या पदरात पडायचे 10 आणि गमवायचे 90. तो कशाला बोलावणे पाठवील? खरे सांगायचे तर गुणांची भीती हे दुय्यम कारण आहे. मुख्य कारण दूरचित्रवाणीच्या हक्कांचा पैसा. नेपाळविरुद्धच्या सामन्याला जाहिरातदार रांग लावत नाहीत, म्हणून मंडळांच्या वेळापत्रकात त्याला जागा नाही. कारण कोणतेही असो, परिणाम एकच. नेपाळ आपल्यासारख्यांशी खेळत राहतो, आपल्यासारख्यांचेच गुण काढून घेतो किंवा त्यांना देतो, आणि तक्त्याच्या खालच्या भागात ही देवाणघेवाण चालू राहते.

यावर कोणी म्हणेल की, क्रमवारीत तेरावे काय आणि सोळावे काय, एवढे त्यात काय आहे? बरेच आहे. 2027 च्या एकदिवसीय विश्वचषकात 14 संघ असतील. दक्षिण आफ्रिका व झिम्बाब्वे यजमान म्हणून, आणि त्यांच्याशिवाय 31 मार्च 2027 रोजीच्या क्रमवारीतले पहिले 8 संघ थेट. राहिलेल्या 4 जागांसाठी बाकी सगळ्यांची पात्रता स्पर्धा. 2026 च्या टी-20 विश्वचषकातही आयर्लंड, न्यूझीलंड व पाकिस्तान यांनी 30 जून 2024 च्या क्रमवारीवर जागा घेतल्या. थोडक्यात, वरच्यांना क्रमवारी हे प्रवेशाचे तिकीट आहे. खालच्यांना मात्र पुन्हा पात्रता स्पर्धा, पुन्हा एक आठवडा, पुन्हा शेवटची जोडी.

बलवानांशी नियमित खेळण्याने काय होते याचा दाखलाही समोर आहे. 2020 ते 2023 या काळात आयसीसीने एकदिवसीय सुपर लीग चालवली. 12 पूर्ण सदस्य आणि जागतिक लीगचा विजेता म्हणून तेरावा नेदरलँड्स. नेदरलँड्स त्या लीगमध्ये बहुतेक सामने हरला. पण 2023 च्या पात्रता स्पर्धेत त्याने वेस्ट इंडीजला हरवले आणि विश्वचषकात धरमशालेला दक्षिण आफ्रिकेला 38 धावांनी, कोलकात्याला बांगलादेशला हरवले. हरता हरता तो शिकला. हा प्रयोग यशस्वी झाला म्हणून चालू ठेवायला हवा होता की नाही? तो 2023 नंतर बंद करण्यात आला. ज्या एका दारातून सहयोगी देशाला पूर्ण सदस्यांच्या वेळापत्रकात शिरता येत होते, ते लावून घेतले.

नेपाळच्या निलंबनाची हकिकत वकील म्हणून आम्हाला सर्वांत जास्त खटकते. एप्रिल 2016 मध्ये सरकारी हस्तक्षेपाच्या कारणावरून आयसीसीने क्रिकेट असोसिएशन ऑफ नेपाळला निलंबित केले. कारण खोटे नव्हते. काठमांडूत सरकारने नेमलेली समिती एकीकडे आणि निवडून आल्याचे सांगणारी दुसरीकडे, असा तमाशा चालू होता. खेळाडूंच्या भवितव्याशी खेळणाऱ्या त्या पुढाऱ्यांचे आम्ही मुळीच समर्थन करणार नाही. पण जुलै 2019 मध्ये झिम्बाब्वेच्या मंडळालाही याच कारणावरून निलंबित करण्यात आले. झिम्बाब्वे पूर्ण सदस्य. ऑक्टोबर 2019 मध्ये एकाच बैठकीत दोघांचेही निलंबन उठले. एकाला तीन महिने, दुसऱ्याला साडेतीन वर्षे! पुढे श्रीलंकेचे मंडळ नोव्हेंबर 2023 मध्ये निलंबित झाले आणि जानेवारी 2024 मध्ये मोकळे झाले. आरोप एक, कलम एक, शिक्षा मात्र सदस्यत्वाच्या वर्गानुसार निरनिराळी, असे दिवाणी-फौजदारी कोर्टात झाले असते तर अपिलात पहिला मुद्दा हाच निघाला असता. नेपाळची भांडणे जास्त गुंतागुंतीची होती, असा बचाव करता येईल. तो काही अंशी मान्यही करू. पण साडेतीन वर्षे?

नेपाळचे निलंबन झाले आणि उठले तेव्हा आयसीसीच्या अध्यक्षपदी आपल्याच नागपूरचे विधिज्ञ शशांक मनोहर होते. त्यांच्या खात्यावर चांगली गोष्टही आहे. भारत, इंग्लंड व ऑस्ट्रेलिया या तीन बड्यांनी 2014 साली आपल्या सोयीची जी वाटणी करून घेतली होती, ती 2017 साली त्यांच्या काळात मोडली गेली. त्याच वर्षी 22 जून रोजी आयर्लंड आणि अफगाणिस्तान पूर्ण सदस्य झाले, आणि संलग्न सदस्य हा सर्वांत खालचा वर्ग रद्द करून दोनच वर्ग ठेवले गेले. दार उघडता येते हे त्या वर्षी सिद्ध झाले. त्यानंतर आजवर एकही नवा पूर्ण सदस्य झालेला नाही.

आणि वाटणी पुन्हा जुन्या वळणावर गेली. 2024 ते 2027 या काळासाठी जे वाटप प्रसिद्ध झाले, त्यानुसार आयसीसीच्या उत्पन्नातला 38.5 टक्के हिस्सा एकट्या भारतीय मंडळाचा. इंग्लंडचा 6.89 टक्के, ऑस्ट्रेलियाचा 6.25 टक्के. आणि नव्वदहून अधिक सहयोगी देशांना मिळून 11.19 टक्के. भारतीय बाजारातून सर्वाधिक पैसा येतो म्हणून भारताला सर्वाधिक वाटा, हा युक्तिवाद आम्हाला ठाऊक आहे. जो जास्त कमावतो त्यालाच जास्त द्यायचे असेल, तर मग जागतिक संस्था कशाला हवी? कंपनी काढावी. आयसीसीच्या संचालक मंडळातही 12 पूर्ण सदस्यांचे 12 प्रतिनिधी आणि सगळ्या सहयोगी देशांचे मिळून 3. ही संस्था 1909 साली 'इम्पीरियल क्रिकेट कॉन्फरन्स' या नावाने इंग्लंड, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका या तिघांनी काढली. भारताला आत यायला 1926 साल उजाडले. साम्राज्याचे नाव 1965 साली गेले. बसण्याची पद्धत मात्र बरीचशी तशीच राहिली, फक्त मधल्या खुर्चीवरचा माणूस बदलला.

एवढ्या अडचणीतून नेपाळने काय करून दाखवले, तेही सांगितले पाहिजे. ऑक्टोबर 2019 नंतर त्यांना लीग-2 मध्ये 36 एकदिवसीय सामन्यांची हमी मिळाली, आणि हमीचे सामने म्हणजे काय याचा प्रत्यय आला. फेब्रुवारी 2020 मध्ये कीर्तिपूरच्या त्रिभुवन विद्यापीठाच्या मैदानावर त्यांनी अमेरिकेला 35 धावांत गुंडाळले. मग कोरोना आला, पराभव आले, आणि 2023 च्या सुरुवातीला अशी वेळ आली की, दर्जा टिकवायचा तर शेवटच्या 12 पैकी 11 सामने जिंकायला हवेत. त्यांनी 11 जिंकले! 16 मार्च 2023 रोजी अमिरातीने 310 धावा केल्या होत्या. नेपाळचा डाव 44 षटकांपर्यंत आला आणि अंधार पडला. मैदानावर दिवे नव्हते. डकवर्थ-लुईस नियमाने 9 धावांनी विजय मिळाला. तिकीट न मिळालेले लोक भोवतालच्या झाडांवर चढून बसले होते. त्याच वर्षी आशिया चषकात प्रथमच प्रवेश मिळाला आणि सप्टेंबरमध्ये पल्लेकेलेला भारताविरुद्ध त्यांनी 230 धावा उभारल्या. जून 2024 मध्ये टी-20 विश्वचषकात सेंट व्हिन्सेंटला दक्षिण आफ्रिकेकडून अवघ्या 1 धावेने हरले.

सप्टेंबर 2025 ची शारजातली मालिका मात्र वेगळ्या वजनाची आहे. काठमांडूत तरुणांच्या आंदोलनात रक्त सांडून, सरकार कोसळून तीन आठवडेही झाले नव्हते. अशा वेळी नेपाळने टी-20 चा दोन वेळचा जगज्जेता वेस्ट इंडीज याला 19 धावांनी आणि मग 83 धावांत गुंडाळून 90 धावांनी हरवले. मालिका 2-1. पूर्ण सदस्यावर नेपाळचा हा पहिला विजय अशी नोंद झाली. 2014 साली अफगाणिस्तानला हरवले होते ते या नोंदीत बसत नाही, कारण अफगाणिस्तान तेव्हा पूर्ण सदस्य नव्हता. असो. एका पूर्ण सदस्याने त्यांच्याशी तीन सामन्यांची मालिका खेळण्याचे मान्य केले, त्या पहिल्याच मालिकेत ते जिंकले. ही मालिका 2018 साली मिळाली असती तर? पुढच्याच महिन्यात ते 2026 च्या टी-20 विश्वचषकालाही पात्र ठरले.

भारतीय मंडळाने नेपाळच्या संघाला सरावासाठी आपल्या सुविधा दिल्या आहेत, हे खरे आहे. पण 2025 अखेरपर्यंत भारताच्या मुख्य संघाने नेपाळशी एकही द्विपक्षीय मालिका खेळलेली नाही. सुविधा ही मेहेरबानी असते, ती आज मिळते आणि उद्या नाही मिळत. सामना हा हक्काचा भाग व्हायला हवा. आमची मागणी साधी आहे. प्रत्येक पूर्ण सदस्याने दर वर्षी एखादी तरी मालिका सहयोगी देशाशी खेळावी, असे आयसीसीने वेळापत्रकातच बंधनकारक करावे आणि न खेळणाऱ्याचा हिस्सा कापावा. डिसेंबर 2024 मध्ये जय शाह यांनी आयसीसीचे अध्यक्षपद हाती घेतले, आणि भारतीय मंडळाचे कार्यालय मुंबईत चर्चगेटच्या बाजूलाच आहे. सुरुवात कोठून व्हावी हे वेगळे सांगायला नको. केनियाचे काय झाले ते आठवावे. 2003 च्या विश्वचषकात उपांत्य फेरी गाठलेला तो देश. त्यानंतर त्याला मोठे सामने मिळेनासे झाले, घरातही भांडणे लागली, आणि 2014 साली त्याचा एकदिवसीय दर्जाच गेला.

राहिला मुलींचा प्रश्न, आणि तो आम्ही मुद्दाम शेवटी घेतला आहे. अफगाणिस्तान पूर्ण सदस्य आहे. 2021 मध्ये तालिबान आल्यापासून तिथे मुलींना खेळता येत नाही. करार झालेल्या खेळाडू देश सोडून गेल्या. तरीही त्या मंडळाचे पूर्ण सदस्यत्व आणि पूर्ण वाटा चालू राहिला. अफगाण पुरुष खेळाडूंनी जे कमावले ते कष्टाने कमावले, त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. पण सरकारी हस्तक्षेप म्हणून नेपाळला साडेतीन वर्षे बाहेर बसवणाऱ्यांना हा हस्तक्षेप दिसत नाही काय? नेपाळमध्ये मुली खेळतात. 2 डिसेंबर 2019 रोजी पोखऱ्यात अंजली चंदने मालदीवविरुद्ध एकही धाव न देता 6 बळी घेतले. मे 2025 मध्ये आयसीसीने ज्या पाच सहयोगी देशांच्या महिला संघांना एकदिवसीय दर्जा दिला, त्यांत थायलंड, स्कॉटलंड, नेदरलँड्स, पापुआ न्यू गिनी व अमिरात आहेत, नेपाळ नाही. थायलंड व स्कॉटलंड पात्रता स्पर्धेत खेळले म्हणून, उरलेले तीन देश टी-20 क्रमवारीवरून. म्हणजे नेपाळच्या मुलींसाठी क्रमवारी हेच दार आहे. हा तक्ता दर वर्षी ऑक्टोबर महिन्यात नव्याने मांडला जातो. त्याआधी त्यांच्या वाट्याला कोणाशी, कोठे आणि किती सामने येणार आहेत, ते काठमांडूच्या संघटनेने तारखांसह जाहीर करावे.